डॉग शो: जज नक्की काय बघतो?

एकलहऱ्यातून बोलतोय, मागून कोळशाच्या मालगाडीचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

डॉग शोमध्ये सगळ्यात देखणा कुत्रा जिंकतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं हो. प्रत्येक जातीचं एक लेखी मानक असतं. उंची, डोकं, दात, खांदे, शेपूट, चाल, सगळं त्यात लिहिलेलं. जज शेजारच्या कुत्र्याशी नाही, त्या कागदाशी तुलना करतो. जबडा उघडून दात बघतो, अंगावरून हात फिरवतो, मग मालकाला सांगतो, पळवा. आधी वयाप्रमाणे वर्ग, मग बेस्ट ऑफ ब्रीड, मग गट आणि शेवटी बेस्ट इन शो. म्हणजे आमच्या धंद्यात स्पेसिफिकेशन हातात घेऊन टेस्टिंग करतात, तसंच. इंग्लंडात हे 1859 पासून चालू आहे.

पण स्पेसिफिकेशनच चुकीचं असेल तर? 'तोंड आखूड' असं लिहिलं, की दर पिढीला जिंकणारा कुत्रा अजून थोडा चपटा. बुलडॉग, पग नुसते चालले तरी घोरतात, आणि बुलडॉगची बहुतेक पिल्लं सिझेरियनने होतात. यावर 2008 साली बीबीसीने 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' हा माहितीपट दाखवला. एवढा गदारोळ झाला की 2009 पासून बीबीसीने क्रफ्ट्स हा मोठा शो दाखवणंच बंद केलं.

दुसरी भानगड नोंदवहीची. नोंदलेल्या आईबापाचंच पिल्लू नोंदायचं, बाहेरचं रक्त नाही. डाल्मेशियनमध्ये त्यामुळे युरिक अ‍ॅसिडचा दोष जवळजवळ सगळ्यांत पसरला, मूतखडे होतात. अमेरिकेत 1970च्या दशकात एका शास्त्रज्ञाने पॉइंटरशी एकदाच संकर करून निरोगी जनुक परत आणलं. पुढच्या पिढ्या पुन्हा ठिपक्यांच्याच, दिसायला अस्सल. तरी अमेरिकन केनेल क्लबने त्यांना कायमचं दारात घ्यायला 2011 उजाडलं. एक बग फिक्स, आणि मर्ज व्हायला तीसहून जास्त वर्षं! ही गोष्ट मला कायम चिडवते.

आता आपलं बघा. आपला कारवान, ज्याला मुधोळ हाउंडही म्हणतात, त्याचं नाव घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाशी जोडलेलं. सडपातळ, लांब पायांचा, सशामागे सुटणारा कुत्रा. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, ती व्हायलाच हवी होती. पण कुत्र्याचं कामच गेलं. मग तो पाळायचा कशाला? 2005 साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं, पण तिकिटाने जात जगत नाही. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांसोबत कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. अशा ठिकाणी बक्षीस मिळालं की पिल्लाला भाव येतो, आणि माणूस पुढच्या वर्षी पुन्हा पैदास करतो. म्हणून 'शो बंद करा' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांची बुलडॉगबद्दलची तक्रार शंभर टक्के खरी आहे, तरीही.

पण पळण्यासाठी घडलेल्या कुत्र्याला रिंगमध्ये दोन फेऱ्या मारून पास करायचं? त्याला मैदानावर सुटा पळवा. धाप किती लागते, सांधे कसे आहेत, हेही बघा. त्या वर्गात धावण्याला निम्मे गुण तरी असावेत, यावर कुणाही ब्रीडरशी वाद घालायला मी तयार आहे.