लाटेचं चित्र आणि लग्नाचा फोटो

जेवणं आटोपली असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ, रेडिओ जरा जवळ घ्या. आम्ही वसईच्या किनाऱ्यालगतच्या बचत गटातल्या बाया. मागच्या वेळी आपण सुकी मासळी पावसाळ्यात कशी टिकवायची यावर बोललो होतो. आज चित्रांवर बोलणार आहोत. हसू नका. चित्रांचा आणि आपल्या पायाखालच्या जमिनीचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

झालं असं, की आमच्यातल्या एकीची मुलगी चित्रकलेचं शिक्षण घेते. तिने अभ्यासासाठी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची विलायतेतली चित्रं कागदावर छापून आणली. आम्ही ओटीवर जवळा निवडत बसलो होतो, तिने कागद समोर पसरले. बहुतेक चित्रं समुद्राची. काळ्या बारीक रेघांची, रंग नाही. डोंगरकडे, धक्के, वाकलेली शिडं, फेसाळलेल्या लाटा. आमच्या एका आजीने चष्मा लावला आणि म्हणाली, "हा काढणारा होडीत बसलेला माणूस आहे."

आजी बरोबर होती. चित्रकाराचं नाव क्लार्कसन स्टॅनफिल्ड. जन्म 1793, इंग्लंडमधल्या संडरलँड नावाच्या बंदराच्या गावचा. त्याचा बाप आधी खलाशी होता, गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजावर त्याने काम केलं होतं. तिथे जे पाहिलं त्याने तो हादरला आणि त्या धंद्याविरुद्ध लिहू लागला. गुलामीविरुद्ध लढणाऱ्या थॉमस क्लार्कसन यांचं नाव त्याने मुलाला दिलं. या मुलालाही 1808 साली आरमाराच्या माणसांनी जबरदस्तीने पकडून नौदलात नेलं. तेव्हा तशी रीतच होती, बंदरावर तरणा पोर दिसला की उचला. पुढे तो चीनपर्यंत जहाजावरून जाऊन आला, मग नाटकांचे पडदे रंगवू लागला. आपल्याकडे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी जसे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, तसंच. लंडनच्या थिएटरात लोक त्याचे समुद्राचे पडदे पाहायला गर्दी करत म्हणे. 1836 साली त्याच्या किनाऱ्यांच्या चित्रांचं पुस्तक निघालं. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये जी चिंचोळी खाडी आहे, तिच्या दोन्ही काठांची चित्रं त्यात आहेत.

आता ही चित्रं पुस्तकात कशी छापत? आम्हाला हाच भाग सगळ्यांत आवडला. चित्रकार कागदावर चित्र काढायचा. मग दुसरा कारागीर ते पोलादाच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने आणि तेजाबाने कोरायचा. आपण पाट्याला टाकी लावून घेतो, बरोबर? टाकीचे खळगे पडले की वाटण त्यात अडकतं. तसंच हे. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून लख्ख करायचा, ओलसर कागद ठेवून यंत्राखाली दाबायचा. खळग्यातली शाई कागदावर उठते. चित्र उलटं उठतं, म्हणून कारागिराला डाव्याचं उजवं करून कोरावं लागे. आधी तांब्याचा पत्रा वापरत, पण तांबं मऊ, थोड्याच प्रतींत रेघा झिजत. 1820 नंतर पुस्तकांसाठी पोलाद आलं आणि एका पत्र्यावरून हजारो प्रती निघू लागल्या. म्हणून समुद्राचं चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यातून साध्या घरात आलं.

रंगीत प्रती हव्या असतील तर छापल्यावर एकेक हाताने रंगवत. लंडनच्या कारखान्यांत हे काम पुष्कळदा बाया आणि मुलं करत. एकीने आकाश, दुसरीने पाणी. पत्र्यावर चित्रकाराचं नाव असतं, कोरणाऱ्याचं असतं. रंगवणारीचं नसतं. हे ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "आपल्या पापडासारखंच की, पुडीवर नाव शेठचं."

पोरीच्या कागदांत आपल्याकडचीही चित्रं होती. रॉबर्ट ग्रिंडले नावाच्या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने 1826 ते 1830 मध्ये पश्चिम हिंदुस्थानच्या चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात मुंबई बंदरावर पाऊस येऊ घातला आहे, असं एक चित्र आहे, विल्यम वेस्टॉल या चित्रकाराचं. हा वेस्टॉल 1804 च्या सुमारास स्वतः मुंबईत येऊन गेला होता, कार्ल्याची लेणीही त्याने पाहिली. त्यानंतर रॉबर्ट एलियट या आरमारी अधिकाऱ्याच्या कच्च्या रेखाटनांवरून आणखी एक पुस्तक निघालं, 1830 ते 1833 मध्ये. ती रेखाटनं नीट चित्रांत उतरवायला लंडनचे चित्रकार बसवले होते, त्यांत आपला स्टॅनफिल्डही होता. त्यातल्या बहुतेकांनी मुंबई कधी पाहिलीच नव्हती. या पुस्तकातलं एक चित्र आहे, पावसाळ्यात मुंबई बंदरातल्या मासेमारी होड्यांचं.

ते चित्र आम्ही आजीच्या हातात दिलं. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "पावसात होडी? नारळी पुनवेच्या आधी?"

बघा, पुस्तकं लिहिणाऱ्यांना जे सुचलं नसेल ते तिला एका क्षणात सुचलं. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी झाकायच्या, जाळी विणायला घ्यायची आणि नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहून मगच दर्यात जायचं, ही जुनी रीत. आता सरकारनेही यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी घातली आहे, माशांची वीण त्याच दिवसांत असते म्हणून. मग चित्र खोटं का? आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, बंदर आडोशाचं असतं, खाडीत आणि बंदरात लहान होडी पावसातही जाते, पोट थांबत नाही. आजीचं म्हणणं, साहेबाला मोठी लाट हवी होती, मोठ्या लाटेचं चित्र खपतं. आम्हाला वाटतं दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे. अशा चित्राला लगेच खरं म्हणू नये आणि लगेच फेकूही नये. कुणी काढलं, कुठे बसून काढलं, कुणाला विकायला काढलं, एवढं आधी विचारावं.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण आम्हाला चित्राची गरज पडली.

आपल्या किनाऱ्याचं तुम्हाला माहीत आहे. भुईगाव, राजोडी, कळंब, इकडे अर्नाळा. सुरूची बनं एकेक रांग करून समुद्रात पडतात. मुळं उघडी पडलेली झाडं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आमच्या वस्तीपुढे वाळू होती, पोरं तिथे क्रिकेट खेळायची, आता भरतीचं पाणी कुंपणाला लागतं. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी आम्ही एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "पूर्वी जमीन इथपर्यंत होती याला पुरावा काय?" आम्ही म्हटलं, आमचे डोळे. ते म्हणाले, डोळे फाइलला लावता येत नाहीत.

परत येताना एस.टी.त कुणी बोलेना. मग त्या पोरीनेच सुचवलं. इंग्लंडच्या किनाऱ्याची दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, आजचा कडा त्यांच्याशी ताडून बघता येतो. आपल्या वसईच्या किल्ल्याचेही जुने फोटो आहेत. गोव्याचे डॉक्टर जुझे जेर्सन द कुन्हा यांनी 1876 साली चौल आणि वसईच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, त्यात फोटो आहेत, दगडावरून छापलेली चित्रंही आहेत. पण किल्ल्याचे बुरूज सगळे काढतात. आपल्या वस्तीपुढची वाळू कोण काढणार?

ती आपणच काढली होती! लग्नात. आमच्याकडे लग्न झालं की जोडप्याचा फोटो किनाऱ्यावर, सुरूच्या झाडापाशी, हे ठरलेलं. आम्ही घरोघरी फिरून अल्बम गोळा केले. 2018 च्या पुरात कित्येकींचे भिजून चिकटले होते, तरी सतरा फोटो मिळाले. सगळ्यांत जुना 1979 चा. आजीच्या मधल्या मुलाचा. मागे दोन रांगा सुरू, त्यामागे वाळू, आणि वाळूच्या कडेला गावाची गोड्या पाण्याची विहीर. ती विहीर आजही आहे. ओहोटीला तिचा काठ उघडा पडतो.

तुम्हालाही हे करायचं असेल तर आमच्या चुका ऐकून ठेवा. नुसत्या समुद्राचा फोटो कामाचा नाही. चौकटीत काहीतरी न हलणारं हवं: विहीर, देवळाची पायरी, क्रूस, बुरूज, विजेचा खांब. एकाच जागी उभं राहून वर्षातून दोनदा काढा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर. ओहोटी होती की भरती, तिथी कोणती, हे त्याच दिवशी वहीत लिहा, कारण पुनवेची भरती आणि अष्टमीची भरती यात मोठा फरक पडतो. आम्ही पहिल्या वर्षी हे लिहिलं नाही, ते फोटो वाया गेले. जुना फोटो अल्बममधून ओढून काढू नका, मोबाइलवर त्याचाच फोटो घ्या. आणि ज्यांच्या लग्नाचा आहे त्यांना विचारल्याशिवाय कुठे देऊ नका.

अर्ज आम्ही पुन्हा दिला आहे, सतरा फोटोंच्या प्रती जोडून. प्रत्येकाखाली फोटोतल्या नवरीचं नाव, लग्नाचं वर्ष, आणि विहिरीपासून पाण्यापर्यंत तेव्हा किती पावलं होती ते. पावलं आजीने सांगितली, दोघी म्हाताऱ्यांनी वेगवेगळी सांगितली तिथे दोन्ही आकडे लिहिले. पोचपावती घेतली आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे, तेव्हा आजी बरोबर येणार म्हणते. तिने एकच अट घातली आहे: 1979 चा मूळ फोटो तिच्याच पिशवीत राहील, साहेबांना तो लांबून दाखवायचा.