प्रमाणपत्र कंपनीला, जबाबदारी डॉक्टरला



आपल्या अधिवेशनाच्या बाहेरच्या मांडवात दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरवाल्यांचे स्टॉल लागले आहेत आणि जवळपास प्रत्येकावर ‘प्रमाणित’ असा फलक आहे. चहा घेताना तुमच्यापैकी कित्येकांनी मला एकच विचारलं, “सर, हे घ्यायचं का?” त्यावरच बोलतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं. हे प्रमाणपत्र मिळण्याआधी त्यात सॉफ्टवेअरची परीक्षा टप्प्याटप्प्याने होते. रुग्णाचा चौदा अंकी आभा (आरोग्य ओळख) क्रमांक तयार करता येतो का, आपल्याकडची नोंद त्याला जोडून पुढे देता येते का, दुसऱ्या दवाखान्यातली नोंद रुग्णाच्या संमतीने पाहता येते का. शिवाय सुरक्षिततेची तपासणी. हे सगळं हवंच. पण समोरच्या पेशंटबद्दल जे कळायला हवं ते त्या पडद्यावर नीट कळतं का, हे यात कोण तपासतं?

लाखांदूरकडची एक गरोदर बाई तपासणीला आली होती. पडद्यावर लिहिलेलं, ‘सिकलसेल: होय’. संपलं. आता पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत प्रॅक्टिस करणाऱ्याला हे ‘होय’ काय कामाचं? सोल्युबिलिटी चाचणी वाहकाचीही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णाचीही. एएस (वाहक) की एसएस (रुग्ण), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी झाल्यावरच कळतं. एएस असेल तर नवऱ्याची तपासणी झाली का, हा पहिला प्रश्न. एसएस असेल तर सगळं बाळंतपणच जोखमीचं. त्या रकान्यात दोन्ही बायका सारख्याच. तिच्या पिशवीत मात्र घडी पडून विरलेला लॅबचा कागद होता. त्यावर स्वच्छ ‘एएस’ लिहिलं होतं, म्हणून निभावलं. ते सॉफ्टवेअर प्रमाणित होतं बरं का! 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, आणि आपण मात्र अशा होय-नाहीत अडकलो आहोत.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत 2009 च्या कायद्यानंतर प्रमाणित प्रणाली वापरणाऱ्या डॉक्टरांना सरकारने अनुदान दिलं. पुढे ‘ई-क्लिनिकल वर्क्स’ या मोठ्या कंपनीवर तिथल्या न्याय खात्याने आरोप ठेवला की, औषधांचे सगळे संकेतांक शोधण्याची सोय करण्याऐवजी कंपनीने परीक्षेत विचारले जाणारे 16 संकेतांक तेवढे प्रोग्राममध्ये टाइप करून ठेवले. म्हणजे पेपर आधीच ठाऊक आणि उत्तरं पाठ. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण 2017 मध्ये 15.5 कोटी डॉलर भरून तडजोड केली.

आता कायद्याचं बघा. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार भरती रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं सांभाळायची आणि मागितली तर 72 तासांत द्यायची. कोणी द्यायची? आपण. कंपनीने गाशा गुंडाळला, करार संपला, सर्व्हर बसला, तरी ग्राहक आयोगापुढे उभं राहायचं ते डॉक्टरने. 2022 मध्ये राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतली जुनी एचएमआयएस ही रुग्णनोंदींची संगणक प्रणाली बंद पडली आणि कामकाज पुन्हा कागदावर आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायबर हल्ल्याने दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर ठप्प झाले. तिथे हाताशी माणसं होती. रोवणीच्या दिवसांत विंचूदंश, सर्पदंश आणि तापाच्या पेशंटांनी ओपीडी भरलेली, त्यात लाइट गेली, तर पवनीच्या एकट्या डॉक्टरने काय करावं?

पण आपली प्रत्येक शंका काही रुग्णाच्या हितापोटी नसते, हेही इथे घरातल्या घरात बोलू. नोंद झाली की हिशेब दिसतो, कोणाला काय आणि का लिहून दिलं ते दिसतं. त्याचीही काहींना धास्ती आहे. आणि आपलं अक्षर! ज्याची चिठ्ठी समोरच्या मेडिकलवाल्याशिवाय कोणाला वाचता येत नाही, त्याने सॉफ्टवेअरला नावं ठेवू नयेत. तुमसरहून रात्री नागपूरला पाठवलेल्या पेशंटची माहिती त्याच्या आधी तिथे पोचली, तर मला ती हवीच आहे.

म्हणून मला बहिष्कार मान्य नाही. खरेदीआधी महिनाभर आपल्याच ओपीडीत, आपल्याच सिस्टरच्या हातून ते चालवून बघायचं. करार संपला तर सगळ्या नोंदी दुसऱ्या प्रणालीत उघडतील अशा रूपात परत मिळतील, हे करारात लिहून घ्यायचं. इंटरनेट नसताना काम कसं चालेल, ते समोर करून दाखवायला सांगायचं. आणि चूक सापडली की ती कळवायला शासनाकडे एक जागा हवी, जिथे कंपनीला उत्तर द्यावंच लागेल आणि ते इतर डॉक्टरांनाही वाचता येईल.

या शेवटच्या मागणीचा ठराव उद्याच्या खुल्या सत्रात येईल. मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. सिकलसेलच्या रकान्याचा मुद्दा त्यात मीच घातलाय. तुमच्या तालुक्यातलं असं काही राहिलं असेल तर आज रात्रीच्या जेवणाआधी लिहून द्या.