चुकल्यासारखं

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थीही हिंदी शिकायला येतात. तिथल्या एका कवितावाचनानंतर एक चिनी मुलगी माझ्याशी हिंदीत बोलत बसली. हिंदी छान जमत होती. अडत होतं ते इंग्रजीचं. ‘आय व्हेरी मिस यू’ हे तिचं वाक्य कुणीतरी खोडलं होतं. तिनं विचारलं, ‘‘बस चुकली तरी ‘मिस’ आणि आई आठवली तरी ‘मिस’. हे कसं?’’

तिचा गोंधळ खरा होता. चिनी भाषेत ‘श्यांग’ असं क्रियापद आहे. विचार करणं, इच्छा होणं आणि आठवण येणं, हे तिन्ही त्यात येतं. ते अक्षर लिहिताना तळाशी हृदयाचं चिन्ह काढतात. त्याच्याआधी ‘फार’ हा शब्द सरळ लागतो. इंग्रजीत मात्र ‘व्हेरी मच’ म्हणून तो वाक्याच्या शेवटी न्यावा लागतो. आणि बस चुकली, तर तिथं ‘श्यांग’ चालतच नाही.

मी म्हणालो, ‘‘मिस म्हणजे मुळात नेम हुकणं. जे हाती यायचं ते आलं नाही. बस असो की आई, जागा रिकामीच राहते.’’ तिनं मान डोलावली.

घरी परतताना लक्षात आलं, हे तर आपल्या मराठीतही आहे! गाडी चुकते, वाट चुकते. आणि घरातलं माणूस गावाला गेलं की चुकल्यासारखं होतं.

मी वर्ध्याला कॉलेजात होतो. एका शनिवारी आर्वीची शेवटची एसटी चुकली. रविवारी घरी पोचलो तेव्हा अम्मी दारातच उभी होती. म्हणाली, ‘‘तू नहीं था, तो घर में चुकल्यासारखं लगा रे.’’ आमची घरची बोली उर्दू. त्या बोलीत ‘याद’ होती. पण त्या दिवशी अम्मीला शेजारणींकडून आलेला मराठी शब्दच जवळचा वाटला.

आता आपली मुलंही ‘मी तुला मिस करतो’ म्हणतात. म्हणोत. पण मराठीत हे कुणी करत नाही, ते आपोआप होतं.

अम्मीला जाऊन आठ वर्षं झाली. शनिवारी संध्याकाळी आर्वीची एसटी दिसली, की मला अजूनही चुकल्यासारखं होतं.