सदोष औषधाने अपाय झाल्यास : आपले कायदेशीर हक्क

बागबाजार परिसरातील मराठी बंधुभगिनींनो,

1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत रुग्णालय व औषध-नियंत्रण यंत्रणा या दोहोंची बेपर्वाई उघड झाली. बाटलीतील दोष रुग्णाला दिसत नाही. पुरावा जपणे मात्र त्याच्या हाती असते.

औषधाने अपाय झाल्याची शंका येताच प्रथम डॉक्टरांना भेटावे. उरलेले औषध, वेष्टन, बॅच क्रमांक, पावती, डॉक्टरांची चिठ्ठी व तपासणी अहवाल जपून ठेवावेत. प्रत्येक दुष्परिणाम म्हणजे औषधातील दोष नव्हे. तरीही त्याची नोंद 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर अवश्य करावी.

पुढील मार्ग आपणांस खुले आहेत.

पहिला, तपासणी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 च्या कलम 26 नुसार विहित शुल्क भरून कोणतीही व्यक्ती औषध शासकीय विश्लेषकाकडे तपासणीस देऊ शकते व अहवाल मिळवू शकते. अशा अहवालाचा वाद न्यायालयात गेल्यास नमुना ज्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जातो, ती कोलकात्यातच आहे.

दुसरा, फौजदारी कारवाई. औषध निरीक्षकाकडे तक्रार करावी. कलम 32 नुसार बाधित व्यक्तीही खटला दाखल करू शकते. भेसळयुक्त वा बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाल्यास किमान 10 वर्षांचा कारावास व किमान 10 लाख रुपये दंड होतो. दंडाची रक्कम बाधितास, तो हयात नसल्यास त्याच्या नातलगास, भरपाई म्हणून दिली जाते.

तिसरा, नुकसानभरपाई. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार उत्पादक, विक्रेता वा सेवा देणारा यांच्याविरुद्ध दावा करता येतो. आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. मुदत 2 वर्षांची आहे. मार्गदर्शनासाठी 1915 हा क्रमांक आहे. शासकीय रुग्णालयात मोफत मिळालेल्या औषधाबाबत या मार्गाने अडचण येऊ शकते. तेव्हा आधी विधिज्ञांचा सल्ला घ्यावा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे 15100 वर विचारणा करावी. स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते.

आपली एक तक्रार त्याच बॅचचे औषध घेणाऱ्या दुसऱ्या घराला वाचवू शकते. म्हणून औषधाची पावती मागून घ्या आणि उपचार पूर्ण होईपर्यंत ती सांभाळा.