अंडी, पाटी आणि पाळी

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, ‘गुरुजी, तुम्ही माशांवर बोला.’ मालवण तालुक्यात माशांवर कोणी काय बोलावं? इथे प्रत्येक जण त्या विषयातला डॉक्टरेट आहे. मी टँक आणला त्या दिवशी तळमजल्यावरचे बाबा म्हणालेच होते, ‘गुरुजी, आमी मासे खातव, तुमी पाळतास!’ तेव्हा खाण्याच्या माशापासूनच सुरुवात करतो.

आपल्या बाजारात खाडीची काळुंदर येते. चपटी, हिरवट, अंगावर मोत्यासारखे ठिपके. ही काळुंदर ‘सिक्लिड’ नावाच्या मोठ्या कुळातली. या कुळाचे शेकडो प्रकार आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहेत, पण भारतातले मूळचे मोजून तीन. त्यातली ही एक. केरळात हिला करीमीन म्हणतात आणि 2010 साली त्यांनी तिला राज्याचा मासा केलं. आपण मात्र तिला रवा लावून तव्यावर टाकतो. असो, तेही चांगलंच.

या कुळाची खासियत म्हणजे पिल्लांची काळजी. बहुतेक मासे अंडी सोडतात आणि पुढे निघून जातात. काळुंदरीचं जोडपं पाण्यातल्या दगडाला, काठीला अंडी चिकटवतं आणि दोघंही राखण करतात. तळ्यातला तिलापिया याच कुळातला, तो 1952 साली बाहेरून भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात धरून ठेवते. आणि माझ्या टँकमधला एंजल मासा, मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, म्हणजे आपल्या काळुंदरीचा लांबचा परदेशी भाऊबंद.

मी गणिताचा शिक्षक. निवृत्त झालो तेव्हा भाच्याने तीन फुटी टँक आणि सहा लहान एंजल आणून दिले. वर्षभरात त्यातल्या दोघांची जोडी जमली. एका कोपऱ्यात दुसऱ्या कोणाला फिरकू देईनात. जुन्या माणसांकडून ऐकलं होतं की एंजलला उभा, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. माझ्याकडे शाळेतली जुनी दगडी पाटी होती. चौकट काढली, मिठाच्या पाण्याने घासली आणि तिरकी उभी केली. दोन दिवस दोघांनी ती तोंडाने साफ केली आणि तिसऱ्या संध्याकाळी अंडी घातली. ओळीने, जणू पाटीवर कोणी अनुस्वार गिरवलेत!

दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी. फळलेलं अंडं पारदर्शक, मधासारख्या रंगाचं राहतं. न फळलेलं पांढरं होतं आणि त्यावर कापसासारखी बुरशी चढते. असं चार वेळा झालं. मी औषधं बदलली, पाणी बदललं, देवाला नारळ सांगायचा तेवढा बाकी राहिला. पाचव्या वेळी अंडी घालताना भिंग घेऊन बसलो, तेव्हा कळलं की दोन्ही माद्याच! नर नसेल तर एंजलच्या दोन माद्यासुद्धा जोडी करतात, पाटी साफ करतात, अंडी घालतात, राखणही करतात. ओळखायची खूण एवढीच, की अंडी घालायच्या वेळी पोटाखाली एक नळी दिसते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, उदाहरण आधी नीट वाचा. मीच वाचलं नव्हतं.

नर आणला. अंडी फळली, पण जोडपं नवखं. जरा कोणी टँकजवळ गेलं की घाबरून अंडी खाऊन टाकायचं. म्हणून पुढच्या वेळी पाटीच उचलून वेगळ्या लहान टँकमध्ये ठेवली. अंडी फुटली नाहीत. त्याचं कारण सापडलं आपल्या विहिरीत. जून लागला की आपण विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. माणसाला ते पाणी सुरक्षित, अंड्यांना नाही. तेव्हापासून मी पाणी टबात काढून, हवेचा पंप लावून, निदान एक दिवस ठेवतो. बाकी आपल्या विहिरीचं पाणी एंजलला उत्तम. जांभ्यातून झिरपलेलं, मऊ. ओळखायचं तर साबण लावून बघा. विहिरीच्या पाण्याला भरपूर फेस येतो, बोअरवेलच्या पाण्याला तेवढा येत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे, पण ती स्मरणिकेत यावी म्हणूनच मी उभा राहिलो.

15 मे 2021, शनिवार. संध्याकाळी एंजलनी अंडी घातली, साधारण तीनशे. मी पाटी लहान टँकमध्ये ठेवली, मिथिलीन ब्लूचे दोन थेंब टाकले, पाटीशेजारी हवेचा दगड सोडला. रविवारी तौक्ते वादळ आलं. सकाळीच लाइट गेली. माड पडले, खांब वाकले, पत्रे उडाले ते सगळं तुम्हाला माहीत आहे. त्यात लॉकडाऊन.

पालक अंड्यांजवळ असतात तेव्हा ते पाळीपाळीने पंखांनी वारा घालतात. एक दमला की दुसरा येतो. त्यामुळे अंड्यांवरून ताजं पाणी सतत वाहतं. मी पालकांना बाजूला केलं होतं आणि ते काम पंपावर सोपवलं होतं. पंप बंद, म्हणजे अंड्यांना कोणीच नाही. परत आईबापांकडे ठेवावीत तर ती खाल्ली जातील.

मी मग घेतला आणि टँकमधलं पाणी काढून वीतभर उंचीवरून हळूच परत ओतू लागलो, पाटीपासून लांब. त्याने पाणी हलतं आणि हवा मिसळते. पण एकटा माणूस किती वेळ ओतणार? दुपारी पहिल्या माळ्यावरचा मुलगा डोकावला. ‘गुरुजी, आता काय करतलास?’ मी म्हटलं, ‘जमेल तेवढं ओततो.’ तो गेला आणि अर्ध्या तासाने सेक्रेटरींना घेऊन आला. कोविडमुळे कोणाच्या घरात जायचं नव्हतं, म्हणून आम्ही टँक जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत आणून ठेवला. सेक्रेटरींनी विहिरीच्या पंपाच्या पाळ्यांचा जुना कागद उलटा केला आणि मागे नवीन पाळ्या लिहिल्या. अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी, एका वेळी एकच माणूस, तोंडाला मास्क. दिवसा मुलं, रात्री मोठे.

दुसऱ्या माळ्यावरच्या काकींचं नाव त्या कागदावर नव्हतं. काका एप्रिलमध्ये गेले होते. आपल्याला कोणालाच भेटायला जाता आलं नव्हतं आणि काकींनी दार उघडणंच बंद केलं होतं. सोमवारी रात्री दोनच्या सुमारास मी पाळीवर होतो. वरून टॉर्चचा उजेड आला. काकी दोन पायऱ्या वर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘माका न्हीद येना नाय. तुमी जावा, मी बसतंय.’ मी मग ठेवला आणि बाजूला झालो. मंगळवारी पहाटे बघतो तर त्या तिथेच. पुढच्या दोन पाळ्यांच्या माणसांना त्यांनी परत पाठवलं होतं. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने एकेक काढून वाटीत ठेवली होती, बाकीच्यांना बुरशी लागू नये म्हणून. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी सोमवारी दिवसा वरून बघून ठेवलं असणार.

मंगळवारी दुपारी अंडी फुटली. पाटीवर बारीक शेपट्या वळवळायला लागल्या. पिल्लं डोक्याकडच्या चिकट धाग्यांनी पाटीला लटकलेली असतात आणि पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात, त्यामुळे चार-पाच दिवस खायला द्यायचं नसतं. काकींनी जिन्यातून हाक मारून सगळ्या मुलांना उठवलं. काका गेल्यानंतर आम्ही त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

शनिवारी लाइट आली, रविवारी पिल्लं पोहायला लागली. एक लिटर पाण्यात साधारण 25 ग्रॅम खडा मीठ, त्यात चिमूटभर आर्टेमियाची अंडी आणि हवा. एका दिवसात केशरी जीव तयार होतात, तेच पिल्लांचं पहिलं अन्न. ते कमी पडलं तेव्हा उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून दिला. पण बलक टँकमध्ये पटकन कुजतो, त्याने बरीच पिल्लं गेली. तीनशेतली 41 मोठी झाली. आज आपल्या सहा घरांत जे एंजल आहेत ते त्यातले किंवा त्यांच्या पुढच्या पिढीचे. पहिली चार काकींकडे गेली.

ज्यांना हे करायचं असेल त्यांनी जरूर यावं. कुडाळ तालुक्यात मुळद्याला कोकण कृषी विद्यापीठाचं शोभिवंत माशांचं केंद्रही आहे, तिथे शास्त्रशुद्ध माहिती मिळते. एक विनंती मात्र हात जोडून. पिल्लं जास्त झाली, कंटाळा आला, तर ती विहिरीत, वहाळात किंवा खाडीत सोडू नका. मला आणून द्या. बाहेरचा मासा आपल्या पाण्यात रुजला की तो काढता येत नाही, तिलापिया बघा. खाडी काळुंदरीची आहे, तिचीच राहू दे.

ती पाटी अजून माझ्याकडे आहे आणि पाळ्यांचा तो कागदही. एका बाजूला विहिरीचा पंप, दुसऱ्या बाजूला अंडी. सेक्रेटरींनी मागितला तर स्मरणिकेत छापायला देईन. फक्त त्यावर काकींचं नाव नाही, ते आधी लिहून घ्यावं लागेल.