पंपाचा तुटका पट्टा आणि दोरीची गाठ



फवारणीचे दिवस आले की औषध कोणते, प्रमाण किती, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. पाठीवरच्या पंपाचा पट्टा तुटला तर त्याला दोरी कशी बांधावी, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आज तेच सांगणार आहे. विषय लहान वाटेल, पण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

एकदा मी एका वावराच्या धुऱ्यावर उभा होतो. एक भाऊ कपाशी फवारत होते. त्यांच्या पंपाचा पट्टा खालच्या कडीजवळ तुटलेला होता आणि त्याला सुतळी बांधलेली होती. चालता चालता गाठ सरकली, पंप एका अंगाला कलला आणि झाकणातून औषधाचे पाणी मानेवरून पाठीवर उतरले. "दोनच तास राहिले साहेब, उरकून घेतो," असे ते म्हणाले. मी पंप खाली ठेवायला लावला, कपडे काढून साबणाने आंघोळ करायला लावली. ते बचावले. पण दर वेळी धुऱ्यावर कोणी उभे असतेच असे नाही.

औषध फक्त तोंडावाटेच पोटात जाते असे समजू नका. ते कातडीतूनही अंगात भिनते. 2017 च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेकडो शेतकरी व शेतमजूर दवाखान्यात दाखल झाले, कित्येक दगावले. तो हंगाम आपण विसरू नये.

आता गाठीकडे वळू. पंपाचा पट्टा निवारीसारखा चपटा आणि गुळगुळीत असतो. दोरी गोल असते. म्हणून दोरीला दोरी बांधायची सवयीची गाठ इथे चालत नाही. आपण बहुधा तीन चुका करतो. पट्ट्याला भोक पाडून दोरी ओवतो. त्याने विणीचे धागे तुटतात आणि पट्टा तिथूनच फाटतो. पट्ट्याभोवती दोरीचा फास आवळतो. तो घसरत घसरत टोकावरून निसटतो. किंवा पट्टा आणि दोरी यांची साधी निरगाठ मारतो. एक जाड, एक बारीक असल्याने चालण्याच्या हिसक्यांनी ती सैल पडते.

मग कोणती गाठ मारावी? विणकर तुटलेला धागा जोडताना मारतात तीच, फक्त एका जादा वेढ्याची. ती अशी मारा :

1. पट्ट्याचे विसविशीत टोक कापून सरळ करा. मग ते वीतभर मागे दुमडा. आता पट्ट्याचे दोन पदर झाले, एक लांब आणि एक आखूड.

2. दोरीचे टोक दुमडीच्या आतून, खालून वर काढा.

3. ते टोक आधी आखूड पदरावरून नेऊन दोन्ही पदरांच्या मागून फिरवा आणि लांब पदराच्या बाजूने पुढे आणा.

4. आता ते दोरीच्याच पहिल्या वेढ्याखालून काढा. दुमडीत पुन्हा घालू नका.

5. तसाच दुसरा वेढा घ्या आणि टोक पुन्हा त्याच जागी खालून काढा. नायलॉनच्या दोरीला हा दुसरा वेढा हवाच, कारण ती घसरते.

6. पट्ट्याला सुरकुती पडू न देता गाठ हळूहळू आवळा. दोरीचे टोक निदान चार बोटे शिल्लक ठेवा.

गाठ बरोबर झाली की नाही, याची खूण सोपी आहे. पट्ट्याचे आखूड टोक आणि दोरीचे मोकळे टोक गाठीच्या एकाच बाजूला आले पाहिजे. तसे नसेल तर सोडून पुन्हा मारा. या गाठीत पट्टा दुमडलेला असल्याने दोरीला धरायला जागा मिळते, आणि वजन पडेल तसतशी दोरी पट्ट्याला घट्ट आवळते. दोरीचे दुसरे टोक पंपाच्या कडीला दोन वेढे देऊन दोन गाठींनी बांधा.

दोरी करंगळीएवढी जाड घ्या, सुतळी नको. दोरी पट्टा आणि कडी यांच्या मधल्या तुकड्यापुरतीच ठेवा. खांद्यावर रुंद पट्टाच राहू द्या. नाहीतर दोरी खांद्यात रुतेल.

औषध घालण्यापूर्वी पंप साध्या पाण्याने भरा. 16 लिटरच्या पंपात पाण्याचेच वजन 16 किलो होते. तो पाठीवर घेऊन धुऱ्यावरून एक फेरी मारा, दोन-चार वेळा वाका. गाठ सरकली नाही, झाकण गळले नाही, तरच औषध घाला. वजन उतरले की गाठ ढिली पडू शकते, म्हणून दर भरणीला ती हाताने चाचपून पहा.

आणि एक सांगून ठेवतो. ही गाठ नवा पट्टा आणेपर्यंतची सोय आहे. पट्टा खांद्यावरच विरला असेल तर गाठ मारू नका, नवा पट्टा आणा. एवढे करूनही औषध अंगावर सांडलेच, तर उरलेल्या तासांचा विचार करू नका. पंप उतरवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा. मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले तर औषधाची चिठ्ठी असलेला डबा सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

राहिलेले तास उद्या फवारता येतील. राम राम.