महिला व बालकल्याण समिती : सभापती कोण आणि कशासाठी?



महानगरपालिकेची निवडणूक पार पडली, की साऱ्या शहराचे लक्ष महापौरपदाकडे लागते. त्यानंतर चर्चा होते ती स्थायी समितीच्या सभापतिपदाची. महिला व बालकल्याण समितीच्या सभापती आणि उपसभापती यांची निवड मात्र बहुधा वृत्तपत्राच्या एका कोपऱ्यात चार ओळींत आटोपते. अमुक भगिनींची बिनविरोध निवड झाली, पुष्पगुच्छ देण्यात आला, अभिनंदनाची भाषणे झाली, एवढाच तो वृत्तांत. वास्तविक, निरनिराळ्या पक्षांच्या स्त्री सदस्यांना एका मेजाभोवती बसून विचार करता यावा, यासाठी कायद्याने दिलेली ही हक्काची जागा आहे. तिची सूत्रे कोणाच्या हाती जातात, यावर शहरातील लक्षावधी स्त्रियांच्या प्रश्नांचे पुढील वर्षभर काय होणार, हे पुष्कळसे अवलंबून असते. म्हणूनच ही निवड उपचार म्हणून न उरकता विचारपूर्वक व्हावयास हवी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन शेजारी महानगरपालिकांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

संख्याबळाची वाटचाल

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली आणि तिची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९८६ मध्ये झाली. त्या वेळी स्त्रियांसाठी राखीव जागांची तरतूद नव्हती. महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या त्या १९९० मध्ये. पुढे १९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि किमान एक तृतीयांश जागांच्या आरक्षणास घटनेचे अधिष्ठान लाभले. १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या कल्याणच्या महानगरपालिकेची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. त्यामुळे कल्याण-डोंबिवलीच्या पहिल्याच लोकनियुक्त सभागृहात स्त्रिया आरक्षणाच्या हक्काने येऊन बसल्या. २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले.

१५ जानेवारी २०२६ रोजी या दोन्ही शहरांत मतदान झाले. ठाण्याच्या १३१ जागांपैकी ६६ आणि कल्याण-डोंबिवलीच्या १२२ जागांपैकी ६१ जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. या आकड्यांच्या शेजारी दुसरे आकडे ठेवून पाहावेत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांवर २१ स्त्रिया निवडून आल्या. ठाणे जिल्ह्यातील १८ मतदारसंघांतून बेलापूरच्या मंदा म्हात्रे आणि कल्याण पूर्वच्या सुलभा गायकवाड या दोघीच विजयी झाल्या. विधानसभेत स्त्रीपुढचा पहिला प्रश्न आत पोहोचण्याचा आहे. महानगरपालिकेत तो प्रश्न सुटला आहे. आता तेथे प्रश्न उरतो तो आत पोहोचल्यावर काय करावयाचे, हा. त्याचे उत्तर शोधण्याची जागा म्हणजे ही समिती होय.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३० अन्वये महानगरपालिकेस विशेष समित्या नेमता येतात. इतर विशेष समित्या नेमणे न नेमणे सभागृहाच्या इच्छेवर असते. महिला व बालकल्याण समिती मात्र असलीच पाहिजे, आणि तिच्या सदस्यांपैकी किमान ७५ टक्के सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. कलम ३१-अ अन्वये सभागृहातील पक्षांच्या आणि गटांच्या तौलनिक बळाच्या प्रमाणात सदस्यांचे नामनिर्देशन होते. साहजिकच सत्तारूढ पक्ष आणि विरोधी पक्ष या दोहोंच्या भगिनी या समितीवर येतात.

त्यानंतर सभापती आणि उपसभापती यांची निवड होते. नामनिर्देशनपत्रे दाखल होतात, छाननी होते, माघारीसाठी अवधी दिला जातो आणि एकाहून अधिक उमेदवार उरल्यास मतदान होते. कागदोपत्री ही रीत निर्दोष आहे. व्यवहारात मात्र उमेदवाराचे नाव बैठकीपूर्वीच पक्षाच्या कार्यालयात निश्चित झालेले असते. सदस्यांना पक्षादेश पाळावा लागतो. १९८६ च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमानुसार पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास सदस्यत्व गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून ‘पक्षभेद विसरून मत द्या’ असा उपदेश सदस्य भगिनींना करणे सोपे असले, तरी न्याय्य नव्हे. मतदानाच्या दिवशी जे करता येत नाही, ते त्याआधी करावे लागते. कोणत्या गुणांची सभापती आपल्याला हवी, हे समितीच्या सदस्य भगिनींनी आपापल्या गटनेत्यांना वेळीच आणि स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

सभापतीचे काम

असे कोणते गुण हवेत, हे ठरविण्यासाठी पदाचे काम काय, ते पाहिले पाहिजे. सभापती समितीच्या बैठका चालविते, विषयपत्रिकेवर कोणते विषय यावेत याचा आग्रह धरू शकते, संबंधित अधिकाऱ्यांकडून माहिती मागते, आणि समितीची शिफारस स्थायी समितीपुढे व सर्वसाधारण सभेपुढे जाईल याचा पाठपुरावा करते. खर्चाची मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत १६ सदस्य असतात. महिला समितीचा प्रस्ताव तेथे अडला, तर तो पुढे ढकलण्यासाठी चिकाटी लागते.

शासनाच्या धोरणानुसार अंदाजपत्रकातील ५ टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी ठेवावयाचा असतो. तथापि निधी ठेवणे आणि तो योग्य कामी खर्च होणे यांत अंतर आहे. सभापतीची मुदत सामान्यतः एक वर्षाची. पहिले दोन महिने सत्कारांत गेले, पुढील दोन महिने माहिती गोळा करण्यात गेले, की पावसाळा संपतो. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास सादर होते. त्यात आपल्या कामांना स्थान मिळावे असे वाटत असेल, तर मागण्या त्याआधी काही महिने प्रशासनाकडे पोहोचल्या पाहिजेत. ज्या सभापतीस हे वेळापत्रक ठाऊक नाही, तिच्या वाट्याला मार्चअखेरची घाई येते. मग दूरगामी कामांऐवजी शिलाई यंत्रांचे वाटप, एखादे शिबिर आणि समारंभ यांवरच निधी उरकला जातो. ही कामे निरुपयोगी आहेत असे नाही, परंतु तेवढ्यावर समितीचे कर्तव्य संपत नाही.

कर्तव्याचा आवाका केवढा आहे, हे या दोन शहरांकडे पाहिल्यास कळते. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजारांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजारांहून अधिक नोंदली गेली. पहाटे स्वयंपाक आटोपून डोंबिवली, कल्याण, ठाणे येथून मुंबईस कामाला जाणाऱ्या स्त्रियांना पाळणाघर हवे, स्थानकाच्या परिसरात स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृह हवे, रात्री घरी परतताना रस्त्यावर दिवे हवेत. नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या मुलींना वसतिगृह हवे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथे येणाऱ्या गरोदर मातांना वेळेवर उपचार हवेत. कल्याण-डोंबिवलीत जून २०१५ मध्ये समाविष्ट झालेल्या २७ गावांतील स्त्रियांच्या गरजा शहरी प्रभागांहून निराळ्या आहेत. ज्यांचे माहेर कल्याणचे, त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी आपले तान्हे मूल वैद्यकीय मदतीअभावी गमावले आणि १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली. त्यांचे नाव व्यासपीठावरून घेणाऱ्या प्रत्येकाने प्रसूतिगृहाच्या खाटांचा हिशेब विचारणे, हेच त्यांचे खरे स्मरण.

निवड करताना

तेव्हा सभापतीची निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, ती बैठकींना नियमितपणे उपस्थित राहू शकेल काय? दुसरी, अंदाजपत्रक वाचण्याची आणि न कळलेला आकडा न संकोचता विचारण्याची तिची तयारी आहे काय? तिसरी, विरोधी बाकावरील भगिनीचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घेण्याइतके मोठे मन तिच्यापाशी आहे काय? आणि चौथी, ती आपला निर्णय स्वतः घेते काय?

हा चौथा प्रश्न नाजूक असला, तरी टाळता येण्यासारखा नाही. पद पत्नीचे आणि कारभार पतीचा, हा प्रकार ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत परिचयाचा आहे. त्याचा सारा दोष त्या भगिनीवर टाकणे अनुचित होय. फाईल घेऊन आलेला कर्मचारी सभापतीऐवजी तिच्या घरच्या मंडळींशी बोलू लागला, की तिचे पद त्याच क्षणी दुबळे होते. अधिकाऱ्यांनी सभापतीशीच बोलावे, तिलाच कागद दाखवावेत आणि तिच्याच स्वाक्षरीची वाट पाहावी. याउलट, पहिल्यांदाच निवडून आलेली गृहिणी वा शिक्षिका केवळ नवखी म्हणून मागे ठेवली जाऊ नये. घरखर्चाचा मेळ घालणारी स्त्री लेखाशीर्ष समजून घेऊ शकते. तिला वेळ आणि समजावून सांगणारा माणूस मिळाला पाहिजे.

उपसभापतिपदाचा विचार सहसा कोणी करीत नाही. सभापतीच्या अनुपस्थितीत बसावयाची खुर्ची, एवढीच त्याची किंमत केली जाते. या बाबतीत परदेशातील एक उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील १५ स्त्री सदस्यांनी एकत्र येऊन स्वतःचा एक गट स्थापन केला. त्याचे नेतृत्व त्यांनी दोघींकडे मिळून सोपविले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या एलिझाबेथ होल्ट्झमन आणि रिपब्लिकन पक्षाच्या मार्गारेट हेकलर या त्या दोघी. सत्ता कोणत्याही पक्षाची असो, गटाचा एक तरी दरवाजा सत्तेकडे उघडा राहावा, हा त्यातील लाभ. आपल्या समितीस कायद्याची चौकट आहे आणि पक्षबळाचे गणितही आहे. तरीसुद्धा सभापतिपद एका पक्षाकडे आणि उपसभापतिपद दुसऱ्या पक्षाकडे देण्यास कायद्याची आडकाठी नाही. गटनेत्यांनी समजुतीने असा संकेत पाडला, तर पाळणाघराचा किंवा रुग्णालयाचा प्रस्ताव पक्षीय वादात बळी पडण्याची भीती पुष्कळ कमी होईल.

खंडित झालेली परंपरा

आज या निवडीला विशेष महत्त्व येण्याचे आणखी एक कारण आहे. कल्याण-डोंबिवलीच्या मागील सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत दोन्ही ठिकाणी प्रशासक होते. दैनंदिन कामे चालू राहिली, परंतु स्त्री सदस्यांनी प्रश्न विचारावा आणि अधिकाऱ्याने उत्तर द्यावे, असा मंच त्या काळात नव्हता. ठाण्यात २०१७ मध्ये मीनाक्षी शिंदे आणि कल्याण-डोंबिवलीत २०१८ मध्ये विनिता राणे महापौर झाल्या. शहराचे सर्वोच्च पदही स्त्रियांनी भूषविलेले आहे. पण महापौरपदाचे आरक्षण सोडतीने फिरते आणि व्यक्तीही बदलतात. टिकते ते लिहून ठेवलेले. मागील समित्यांचे ठराव कोणते, त्यांपैकी अमलात किती आले, अडले ते कोठे, याची यादी नव्या सभापतीने पहिल्याच बैठकीत सचिवांकडून मागून घ्यावी, आणि पायउतार होताना आपल्या कामाची तशीच यादी पुढील सभापतीच्या हाती द्यावी. एक वर्षाच्या मुदतीवर हाच एक उपाय आहे.

ग्रामीण भागातील लोकप्रतिनिधींनाही हा विचार लागू पडतो. जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण समिती असते. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. ही सभा केवळ सह्यांपुरती झाली, तर ग्रामसभेत स्त्रिया पुन्हा मागच्या रांगेत बसतात. ती खरोखर भरली, तिच्यातील ठराव लिहिले गेले आणि ते ग्रामसभेत मोठ्याने वाचले गेले, तर पाण्याचा नळ कोठे बसवावा आणि अंगणवाडीचे छप्पर कधी दुरुस्त व्हावे, हे ठरविण्यात स्त्रियांचा वाटा राहतो. शिक्षक बंधुभगिनी या सभांचे ठराव लिहिण्यास साहाय्य करू शकतात.

राखीव जागांनी स्त्रीला सभागृहाचे दार उघडून दिले. आतील कारभार हाती घेण्यासाठी मात्र नियम, आकडे आणि सातत्य यांचीच कास धरावी लागते. महिला व बालकल्याण समितीच्या सभापतीची निवड ज्या दिवशी होईल, त्या दिवशी पुष्पगुच्छ अवश्य द्यावा. त्याबरोबर मागील ठरावांची यादी आणि अंदाजपत्रकाची प्रतही तिच्या हाती द्यावी. वर्षाच्या अखेरीस त्या यादीतील किती ओळींसमोर ‘पूर्ण’ असा शेरा पडला, हे नागरिकांनी विचारावे आणि सभापतीने अभिमानाने सांगावे, हीच या पदाची खरी प्रतिष्ठा होय.